उजवा हात माउसकडे कशासाठी जातो, ते आधी बघा

उद्यमनगरातल्या एका कारखान्याच्या ऑफिसात सहा महिन्यांपूर्वी लागलेल्या एका ताईंनी विचारलंय: एमएस-सीआयटी झाली आहे, एक्सेल, वर्ड आणि टॅली तिन्हीवर काम असतं, पण हाताला वेग नाही. शेजारच्या टेबलावरचे काका माउसला फारसा हात न लावता काम उरकून वेळेवर घरी जातात आणि यांचं उजवं मनगट संध्याकाळी ठणकत असतं. शंभर शॉर्टकटची यादी छापून भिंतीला चिकटवली, त्यातले चार-पाचच लक्षात राहिले. किती पाठ करायचे, कुठून सुरुवात करायची, मराठी पत्रांचं काय करायचं? आणि घरी लॅपटॉपवर सराव करताना एफ-२ दाबलं की पडद्याचा उजेडच कमी होतो, तो का?

ताई, मी सव्वीस वर्षं कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचे हिशेब सांभाळतोय आणि अलीकडं नव्या मुलामुलींना ते काम शिकवतोय. भिंतीवरची ती यादी आधी काढून ठेवा. ती चुकीची असते असं नाही. पण ती कुणाच्याच कामाची नसते, कारण ती तुमचं काम बघून केलेली नसते. शंभरातले सत्तर तुम्हाला जन्मात लागणार नाहीत, आणि जे रोज पन्नास वेळा लागतात ते त्या गर्दीत कुठंतरी मधे अडकून पडलेले असतात. दुसरं म्हणजे यादी वाचतात डोळे, आणि काम करायचं असतं बोटांनी. मी टायपिंग शिकलो ते जुन्या रेमिंग्टन मशीनवर. महिनाभर ए-एस-डी-एफ, सेमीकोलन-एल-के-जे एवढंच बडवून घेतलं होतं. आज कीबोर्ड झाकून मला विचारलंत की बी-च्या शेजारी कुठलं अक्षर आहे, तर मला क्षणभर थांबावं लागेल. पण बोट थांबत नाही. शॉर्टकट तिथं, बोटात जायला पाहिजे.

म्हणून पहिलं काम असं करा. एक कोरा कागद कीबोर्डशेजारी ठेवा आणि नेहमीचं काम चालू असताना एक तासभर, जेव्हा जेव्हा उजवा हात माउसकडं जाईल तेव्हा तो कशासाठी गेला ते दोन शब्दांत लिहा. परत त्याच कारणासाठी गेला तर पुढं एक रेघ ओढा. "खाली सरकवलं", "कॉपी", "सेल दुरुस्त केला", "दुसरी खिडकी", "सेव्ह". तासाभरानं कुठल्या शब्दापुढं सगळ्यात जास्त रेघा आहेत ते बघा. मी शिकवलेल्या बहुतेकांच्या कागदावर पाच-सहाच कारणं असतात आणि निम्म्याहून जास्त रेघा पहिल्या दोन-तीन कारणांपुढं असतात. त्यातलं पहिलं एकच कारण घ्या. त्याचा शॉर्टकट एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनच्या खालच्या कडेला लावा. तीन-चार दिवस तेवढा एकच.

यात एक पथ्य मी सगळ्यांना पाळायला लावतो. सवयीनं हात माउसकडं गेला आणि काम होऊन गेलं, तर ते काम कंट्रोल-झेडनं उलटवायचं आणि तेच परत कीबोर्डनं करायचं. फार कंटाळवाणं वाटतं, पण यालाच फळ आहे. नुसतं "पुढच्या वेळी करीन" म्हटलं की ती पुढची वेळ येत नाही. तिसऱ्या दिवशी हात अर्ध्यातून मागं फिरतो, ते तुमचं तुम्हालाच जाणवेल. मग चिठ्ठी बदलायची.

आता कुठले शॉर्टकट, त्याकडं येतो. कॉपी, कट, पेस्ट तुम्हाला येतातच. पण ते तिथंच का आहेत हे कळलं की हात कुठं ठेवायचा तेही कळतं. कट-कॉपी-पेस्ट ही पद्धत १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो अल्टो इथल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी बसवली. टेस्लर पुढं ॲपलमध्ये गेले आणि तिथं झेड, एक्स, सी, व्ही ही चार अक्षरं पक्की झाली. कीबोर्डच्या खालच्या ओळीत डाव्या हाताखाली ती चौघं एकमेकांना चिकटून आहेत. एक्स म्हणजे काट मारल्याची खूण, सी तर कॉपीचंच, आणि शेजारी व्ही. म्हणजे मुळातच हे डाव्या हाताचं काम आहे. हिशेबाच्या माणसाला याचा मोठा फायदा आहे, कारण आपला उजवा हात आकड्यांच्या पॅडवर असतो. पॅडवरच्या ५ या बटणावर छोटा उंचवटा असतो, एफ आणि जे वर असतो तसाच. मधलं बोट त्यावर ठेवलं की बाकीचे आकडे न बघता सापडतात, आणि पॅडचं एंटर करंगळीखाली येतं. उजवा हात तिथून हलू द्यायचा नाही आणि डाव्यानं कंट्रोलची कामं करायची, ही अर्धी लढाई. तुम्ही कंट्रोल-सी दाबायला डावा हात वापरता आणि मग सेल निवडायला उजवा हात पॅडवरून माउसवर नेता, असं होत असेल तर वेळ तिथंच जातो, आणि मनगटही तिथंच दुखतं.

ते निवडणं आणि सरकणं, हाच सगळ्यात कसदार भाग आहे आणि यादीत तोच कुणी नीट समजावत नाही. ते वेगवेगळे शॉर्टकट नाहीतच. त्याला एक व्याकरण आहे. बाण म्हणजे एक पाऊल. कंट्रोल लावला की पाऊल मोठं होतं. शिफ्ट लावला की वाटेत आलेलं सगळं धरलं जातं. झालं. वर्डमध्ये उजवा बाण एक अक्षर पुढं नेतो, कंट्रोल-उजवा बाण एक शब्द पुढं नेतो, कंट्रोल-शिफ्ट-उजवा बाण तो शब्द निवडतो. होम ओळीच्या सुरुवातीला नेतं, कंट्रोल-होम कागदाच्या सुरुवातीला, शिफ्ट-होम तुम्ही आहात तिथपासून ओळीच्या सुरुवातीपर्यंतचं निवडतं. खोडण्यालाही हेच लागू: बॅकस्पेस एक अक्षर, कंट्रोल-बॅकस्पेस मागचा अख्खा शब्द. हे वर्डमध्ये चालतं, मेल लिहिताना चालतं, ब्राउझरमधल्या व्हॉट्सॲपवरही चालतं. तुमच्या यादीतले वीस-पंचवीस तरी या तीन वाक्यांत संपतात.

एक्सेलमध्ये तेच व्याकरण, फक्त मोठं पाऊल म्हणजे भरलेल्या माहितीच्या कडेपर्यंत. कंट्रोल-खालचा बाण मारला की त्या कॉलमातल्या शेवटच्या भरलेल्या सेलवर. शिफ्ट लावला की तिथपर्यंतचं सगळं निवडलं. मधे एखादा सेल रिकामा असेल तर उडी त्याच्या आधीच थांबते. लोक याला वैतागतात. मी उलट याचा उपयोग करतो. पट्टीच्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदाच्या, नंबरांच्या कॉलमात वरून कंट्रोल-खालचा बाण मारला आणि तो मधेच कुठंतरी अडला, तर तिथं नंबर टाकायचा राहिलाय हे पाच सेकंदांत कळतं. कधी उडी थेट १०,४८,५७६ या ओळीवर जाऊन पडते, ती शीटची शेवटची ओळ. घाबरू नका, खाली काही भरलेलं नव्हतं एवढाच त्याचा अर्थ. कंट्रोल-वरचा बाण मारला की परत.

आता एक काम अगदी बोटानं बोट दाखवतो, कारण एकदा हे जमलं की बाकीच्याची भीती जाते.

यार्डात सकाळी गुळाचे सौदे होतात. दिवाणजी वहीत शेतकऱ्याचं नाव एकदाच लिहितात आणि त्याच्या खाली त्याच्या मालाच्या ओळी: किती रवे म्हणजे गुळाच्या ढेपा, वजन किती, दर काय लागला. नाव परत परत कोण लिहिणार? वहीत हे बरोबरच आहे, माणसाच्या डोळ्याला ते कळतं. पण तीच वही जशीच्या तशी एक्सेलमध्ये टाइप केली की नावाच्या कॉलमात पहिल्या ओळीत नाव आणि खालचे चार-पाच सेल रिकामे. हंगामाच्या शेवटी मालक म्हणतात, प्रत्येक शेतकऱ्याचं एकूण वजन काढा. फिल्टर लावला तर फक्त नावाची ओळ येते, बाकीच्या ओळी गायब. माझ्याकडं शिकायला आलेल्या एका मुलीनं असल्या जवळजवळ अठराशे ओळींत माउसनं नाव धरून खाली ओढत ओढत अख्खी दुपार घालवली होती. मनगट धरून बसली होती बिचारी. आणि ओढताना दोन ठिकाणी एकाचं नाव दुसऱ्याच्या मालापुढं गेलं होतं, ते वेगळंच.

तेच काम असं होतं. नाव पहिल्या म्हणजे ए कॉलमात आहे आणि वजनाचा कॉलम पूर्ण भरलेला आहे असं धरा. नावाच्या कॉलमातून थेट खाली उडी मारू नका, ती रिकाम्या सेलपाशी अडेल. वजनाच्या कॉलमात जाऊन कंट्रोल-खालचा बाण मारा, म्हणजे शेवटची ओळ गाठली. मग होम, म्हणजे त्याच ओळीत ए कॉलमात आलात. आता कंट्रोल-शिफ्ट-होम: तिथपासून अगदी वरपर्यंतचा नावाचा कॉलम निवडला गेला. वरच्या ओळी फ्रीज केल्या असतील, म्हणजे खाली सरकलं तरी जागेवर राहतील अशा ठेवल्या असतील, तर हे नीट चालत नाही, आधी फ्रीज काढा. आता कंट्रोल-जी. छोटी खिडकी उघडेल. त्यात ऑल्ट-एस, म्हणजे स्पेशल. पुढच्या खिडकीत के दाबा, म्हणजे ब्लँक्स, आणि एंटर. आता फक्त रिकामे सेल निवडलेले राहतील. कुठंही क्लिक करू नका. बरोबरचं चिन्ह = टाइप करा, वरचा बाण एकदा दाबा, आणि एंटर न मारता कंट्रोल-एंटर मारा. प्रत्येक रिकाम्या सेलनं आपल्या वरच्या सेलमधलं नाव घेतलं.

अजून एक पायरी आहे आणि ती बरेच जण विसरतात. ही नावं आत्ता सूत्रानं आलेली आहेत, वरच्या सेलकडं बघून. अशा अवस्थेत सॉर्ट केलंत तर ओळी इकडच्या तिकडं होतील आणि नावं भलत्याच्या मालापुढं जातील. म्हणून कंट्रोल-स्पेसनं अख्खा कॉलम निवडा, कंट्रोल-सी, मग कंट्रोल-ऑल्ट-व्ही, व्ही, एंटर. सूत्र गेलं, नुसती नावं राहिली. सगळं मिळून एक मिनिट. पहिल्यांदा पाच लागतील. आणि रिकामे सेल सापडलेच नाहीत असा निरोप आला, तर कुणीतरी त्या सेलमध्ये स्पेस देऊन ठेवलीय असं समजा. दिसायला रिकामा, पण एक्सेलच्या दृष्टीनं भरलेला. ती स्पेस आधी काढावी लागते.

एक्सेलचे बाकीचे पटकन सांगतो. सेलमध्ये दुरुस्ती करायला डबल क्लिक करू नका, एफ-२. बेरजेला ऑल्ट आणि =. आजची तारीख कंट्रोल-सेमीकोलन. वरच्या सेलमधलं खाली उतरवायला कंट्रोल-डी. फिल्टर लावायला-काढायला कंट्रोल-शिफ्ट-एल. एकाच सेलमध्ये दुसरी ओळ हवी तर ऑल्ट-एंटर, स्पेस देत देत ओळ खाली ढकलायची नाही. जीएसटीचा दर एका सेलमध्ये ठेवून सगळ्या बिलांना लावायचा असेल, तर सूत्र लिहिताना त्या सेलच्या पत्त्यावर एफ-४ दाबा, डॉलरची चिन्हं आपोआप लागतात आणि सूत्र खाली उतरवलं तरी तो पत्ता हलत नाही.

ज्याचा शॉर्टकट माहीत नाही त्याच्यासाठी यादी शोधू नका. ऑल्ट एकदा दाबून सोडा. वरच्या पट्टीवर प्रत्येक टॅबपाशी एकेक अक्षर उमटतं. ते दाबलं की आतल्या बटणांची अक्षरं उमटतात. कॉलमची रुंदी मजकुरापुरती करायची तर ऑल्ट, मग एच, ओ, आय. वरची ओळ फ्रीज करायच्या मेनूला जायचं तर ऑल्ट, डब्ल्यू, एफ. एकाच वेळी धरून ठेवायची नाहीत, एकामागून एक दाबायची. वर्डमध्येही हेच. आठवडाभर एखादं काम असं अक्षरं वाचत वाचत केलंत की ती अक्षरं बघायची गरज उरत नाही.

टॅलीत तुम्हाला वेगळं शिकायचं नाहीच, तो पहिल्यापासून कीबोर्डवर चालणारा आहे. तुमचे शेजारचे काका वेगानं काम करतात त्याचं कारण बहुतेक हेच असणार, त्यांचा हात टॅलीत तयार झालाय आणि तीच शिस्त त्यांनी एक्सेलमध्ये आणली. एफ-४ कॉन्ट्रा, एफ-५ पेमेंट, एफ-६ रिसीट, एफ-७ जर्नल, एफ-८ सेल्स, एफ-९ परचेस, हे तर तोंडपाठ असेल. व्हाउचर म्हणजे नोंद भरता भरता पार्टीचं लेजर म्हणजे खातं नसल्याचं कळलं तर बाहेर पडू नका, तिथंच ऑल्ट-सी, लेजर उघडा आणि परत त्याच जागी या. २०२० साली टॅलीप्राइम आलं तेव्हा काही बटणं बदलली. क्रेडिट नोट आधी कंट्रोल-एफ-८ होती, ती ऑल्ट-एफ-६ झाली. त्या वेळी माझीही बोटं कित्येक दिवस जुन्या जागी जात होती. त्यात ऑल्ट-जी नवीन आलं, ते मात्र फार कामाचं आहे: कुठंही असा, ऑल्ट-जी दाबून रिपोर्टचं नाव टाइप करायला लागा, थेट तिथं पोहोचता.

टॅलीतलाच एक अनुभव सांगतो, कारण वेग आला की हे सगळ्यांचं होतं. कंट्रोल-ए दाबलं की व्हाउचर थेट सेव्ह होतं, खालपर्यंत एंटर मारत जावं लागत नाही. एका मार्चमध्ये मी बँकेच्या नोंदी याच वेगानं भरत होतो. मधे एका जुन्या तारखेची नोंद राहिली होती म्हणून एफ-२ दाबून तारीख मागं नेली, ती नोंद टाकली आणि पुढं निघालो. टॅलीत तारीख बदलली की पुढच्या व्हाउचरलाही तीच राहते. पुढच्या चाळीसेक नोंदी त्या जुन्या तारखेला जाऊन बसल्या. बँकेचं स्टेटमेंट जुळवताना सगळा दिवस गेला. तेव्हापासून कंट्रोल-ए दाबण्याआधी डोळा वर उजव्या कोपऱ्यातल्या तारखेकडं जातो, आणि नव्या माणसाला कंट्रोल-ए शिकवताना ही नजर टाकायला मी बरोबरच शिकवतो.

असंच जपायचं दुसरं बटण म्हणजे शिफ्ट-डिलीट. नुसत्या डिलीटनं फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, तिथून परत येते. शिफ्ट-डिलीटनं ती तिथं जात नाही. निवडताना शिफ्ट धरलेलंच असतं, त्यामुळं हे नकळत होतं. संगणक खात्री विचारतो तेव्हा एंटर मारायची घाई करू नका. आयबीएमनं १९८१ साली पीसी काढला तेव्हा त्यांच्या डेव्हिड ब्रॅडली नावाच्या इंजिनिअरनं संगणक परत सुरू करायला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट ठेवलं, ते मुद्दाम. आधी त्यांनी डिलीटऐवजी एस्केप ठेवलं होतं, पण ती तिन्ही बटणं डाव्या बाजूलाच असल्यानं चुकून धक्का लागायची भीती होती. म्हणून दोन हात लागतील अशी जोडणी केली. शिफ्ट-डिलीटला तसं कुंपण नाही, ते आपणच घालायचं.

विंडोजमध्ये ऑल्ट-टॅबनं खिडक्या बदला. बिल बघून नोंद करायची असेल तर विंडोजचं बटण धरून डावा बाण, दुसऱ्या खिडकीत जाऊन उजवा बाण, दोन्ही शेजारी शेजारी बसतात. चहाला उठताना विंडोज-एल, विशेषतः पगारपत्रक उघडं असेल तर. पडद्यावरच्या चलनाचा तेवढाच भाग चित्र म्हणून कुणाला पाठवायचा असेल तर विंडोज-शिफ्ट-एस. विंडोज-व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या शेवटच्या पंचवीस गोष्टींची यादी मिळते, पहिल्यांदा ती चालू करायची परवानगी मागेल. हे फार सोयीचं आहे, पण कॉपी केलेला पासवर्डही त्यात राहतो, म्हणून ज्या संगणकावर चार जण बसतात तिथं मी ते चालू करत नाही. आणि स्कॅन केलेल्या बिलांना नावं द्यायची असतील तर एफ-२ दाबून पहिलं नाव टाइप करा, एंटर न मारता टॅब मारा. पुढची फाइल नाव बदलायला आपोआप तयार होते. पन्नास बिलांची नावं हात न उचलता होतात. हे ज्यांना दाखवलंय त्यातल्या कुणाला आधी माहीत नव्हतं, म्हणून आवर्जून सांगितलं.

मराठीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आठवड्यातून एखादं पत्र असेल तर इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी पद्धत चालेल. रोज लिहायचं असेल तर इनस्क्रिप्ट शिका. हा सरकारनं १९८०च्या दशकात ठरवलेला प्रमाण कीबोर्ड आहे, विंडोजमध्ये आयता असतो, आणि विंडोज-स्पेसनं इंग्रजीतून मराठीत जाता येतं. त्याची मांडणी आपल्या बाराखडीसारखीच आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. के वर क, शिफ्ट-के वर ख. एच वर प, शिफ्ट-एच वर फ. म्हणजे एक हात अक्षर देतो आणि दुसरा त्याला काना-मात्रा देतो. "कोल्हापूर" लिहायचं तर के, ए, एन, डी, यू, ई, एच, टी, जे, एवढी नऊ बटणं, शिफ्ट एकदाही नाही. डी म्हणजे पाय मोडायचं बटण, तिथं ल चा पाय मोडून ह जोडला. "शेतकऱ्याला" मधला ऱ्या अनेकांना जमत नाही आणि पत्रात "शेतकर्याला" असं जातं. त्यासाठी साधा र घ्यायचा नाही. शिफ्ट-जे दाबा, मग डी, मग तिरकी रेघ असलेलं बटण म्हणजे य, मग ई.

या पद्धतीनं लिहिलेलं युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला खरी मराठी अक्षरं म्हणून ओळखता येतील असं राहतं, म्हणून कंट्रोल-एफ दाबून "पाटील" शोधलं की सगळे पाटील सापडतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये पत्र मराठी दिसतं पण आत ती इंग्रजी अक्षरंच असतात, तिथं शोधून काही मिळत नाही. तुमच्या ऑफिसात तसली जुनी पत्रं असतील तर निदान नवीन तरी त्यात लिहू नका. इनस्क्रिप्टला रोज अर्धा तास दिलात तर तीन-चार आठवड्यांत हात बसतो.

मनगटाबद्दल. शॉर्टकटनं त्रास कमी होईल, पण तेवढ्यावर विसंबू नका. आकड्यांचं पॅड असलेला कीबोर्ड लांब असतो, त्यामुळं माउस फार उजवीकडं जातो आणि हात दिवसभर ताणलेला राहतो. कीबोर्ड थोडा डावीकडं सरकवा, माउस जवळ घ्या, कोपर टेबलाच्या उंचीला येईल अशी खुर्ची करा. कंट्रोलसाठी करंगळी वाकडी करून ताणू नका, हात उचलून न्या. एवढं करूनही महिनाभरात फरक पडला नाही किंवा बोटांना मुंग्या यायला लागल्या तर डॉक्टरांना दाखवा. आणि माउस सोडून द्यायचा असं मी म्हणत नाही. आलेखाला रंग द्यायचा, चित्र सरकवायचं, तिथं माउसच बरा.

पहिला आठवडा-दोन आठवडे तुमचा वेग आहे त्याहून कमी होईल. ते धरून चाला, साहेबांच्याही कानावर घाला, आणि मार्चएंड तोंडावर आलेला असताना हे सुरू करू नका.

राहिला लॅपटॉप. त्यात काही बिघाड नाही. लॅपटॉपवर वरच्या ओळीतल्या बटणांना दोन-दोन कामं दिलेली असतात, एक एफ-२चं आणि एक उजेड, आवाज असल्या गोष्टींचं. तुमच्याकडं दुसरं काम आधी ठेवलेलं दिसतंय. डावीकडं खाली एफएन लिहिलेलं बटण असेल, ते धरून एफ-२ दाबा, एक्सेलचा सेल उघडेल. कायमचं उलटवायचं असेल तर एस्केपच्या बटणावर छोटं कुलूप किंवा एफएन-लॉक लिहिलंय का बघा. बऱ्याच लॅपटॉपवर असतं. असेल तर एफएन धरून एस्केप एकदा दाबायचं. मग एफ-२ नुसतं दाबलं तरी चालेल, आणि उजेड कमी-जास्त करायला एफएन लागेल.